मिस्त्रीकाका, ट्रॅक्टर आता उतारावर लावत नाही

आदरणीय मिस्त्रीकाका,

तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, तो पाना दे इकडे" म्हणून विषय मोडता. म्हणून हे पत्र, तेही उघड. ज्यांचा जुना डिझेल ट्रॅक्टर थंडीत सकाळी रुसून बसतो, त्यांनाही वाचता येईल.

चार हिवाळे ट्रॅक्टरने छळलं. त्यातले शेवटचे दोन मी तो रोज संध्याकाळी उतारावर, तोंड खाली करून लावत होतो, म्हणजे सकाळी गडगडवून चालू करता येईल. पहिल्या वर्षी सकाळी जरा खोकायचा आणि चालू व्हायचा. दुसऱ्या वर्षी अर्धा मिनिट एकाच सिलिंडरवर थडथडायचा, पांढरा धूर ओकायचा, मग बाकीचे दोन सावकाश कामाला लागायचे. तिसऱ्या वर्षापासून उतार. चौथ्या वर्षी उतारही पुरेना, तेव्हा एअर क्लीनरच्या तोंडाशी स्टार्टिंग स्प्रे मारायला लागलो. मधल्या काळात बॅटरी नवी घातली, सेल्फ (चावी फिरवली की इंजिन फिरवणारी मोटर) भरून आणला, डिझेल फवारणारे नोझल तपासून घेतले. प्रत्येक वेळी आठवडाभर बरं वाटायचं. (आता कळतं, त्या आठवड्यात ऊन जास्त असणार.)

फोनवर तुम्ही एकच गोष्ट सांगितली होती : "मी येईपर्यंत चावीला हात लावू नको. मला तो गारच पाहिजे." उजाडायच्या आत आलात. आधी हेडवर, म्हणजे सिलिंडरांच्या वरच्या झाकणावर, तळहात ठेवलात, मी चोरून चालू करून पाहिला नाही ना याची खात्री केलीत. मग मला सेल्फ मारायला सांगून स्वतः सायलेन्सरकडे बघत उभे राहिलात. इंजिन फिरतंय, चालू होत नाही, आणि वर पांढरा धूर. तुम्ही म्हणालात, "डिझेल येतंय, पेटत नाहीये. धूरच नसता तर लायनीत एअर शोधली असती. याला ताकद नको, ऊब पाहिजे."

मी ठासून सांगितलं की हीटर प्लग (गार इंजिनाला आतून ऊब देणारे विजेचे प्लग, दर सिलिंडरला एक) मी स्वतः तपासलेत, तिन्ही चांगले आहेत. तुम्ही विचारलंत, "पट्टी काढून?"

तो प्रश्न मी विसरणार नाही. तिन्ही प्लगांच्या डोक्यांवरून जाणारी पत्र्याची पट्टी तशीच ठेवून मी टेस्ट लॅम्प लावला होता, आणि तिन्ही ठिकाणी दिवा लागला होता. लागणारच. प्लग एकमेकांना समांतर जोडलेले. एक जरी धड असला तरी पट्टीवर कुठेही टेकवा, त्याच्यातूनच करंट जातो. तुम्ही तीन नट काढून पट्टी उचललीत, लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला लावलात आणि टोक एकेका प्लगला टेकवलंत. पहिला : अंधार. दुसरा : अंधार. तिसऱ्याला दिवा लागला. दोन प्लग कधीचे गेले होते आणि एकट्या तिसऱ्यावर मी हिवाळे काढत होतो. थडथडणारा तो एकटा सिलिंडर कोणता, हेही तेव्हाच कळलं. जुन्या, एकामागे एक जोडलेल्या तारेच्या प्लगांत एक गेला की सगळेच बंद पडतात, त्यामुळे दोष लगेच समजतो. माझे मात्र एकेक करून गुपचूप गेले.

बॅटरी नवी असून का भागत नाही, हे तुम्ही पट्टी घासता घासता समजावलंत. डिझेलला ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, ती तापते, तिच्यात डिझेल पेटतं. त्याला जेमतेम 210 अंश लागतात आणि नीट दाबलेली हवा 500 च्या वर जाते. पण गार लोखंड ती ऊब ओढून घेतं. शून्य अंशाला बॅटरीची ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते, ऑइल घट्ट होतं, इंजिन हळू फिरतं, आणि जितकं हळू फिरेल तितकी हवा पिस्टनच्या रिंगांमधून निसटते. माझ्या इंजिनात तर डिझेल आधी हेडमधल्या छोट्या खोलीत पडतं, आणि तिच्या गार भिंती उरलीसुरली ऊबही खातात. तिथे प्लगचं लालबुंद टोक पाहिजेच. (डिझेल थेट पिस्टनवर पडतं अशा बऱ्याच ट्रॅक्टरांना हे प्लग नसतातच, त्यांनी हेडवर ते शोधत बसू नये.)

पट्टीचं गंजलेलं टोक मी तसंच बसवणार होतो. तुम्ही मीटर लावून दाखवलंत : बॅटरीवर 12 व्होल्ट, प्लगवर 8. बाकीचे गंज खात होता. नवे प्लग घालूनही मी तिथेच राहिलो असतो.

पहिला प्लग अडकला तेव्हा मी पान्याला पाइप लावायला निघालो. तुम्ही हात धरलात. हेडमध्ये प्लग तुटला तर हेड उतरवावं लागेल, म्हणालात. गंज सोडवणारं तेल सोडलंत, ट्रॅक्टर ओढून चालू केलात, इंजिन तापू दिलंत, आणि मग पाना थोडा पुढे, थोडा मागे. एका जागी बसून इतका वेळ मी तुम्हाला गप्प कधी पाहिलं नव्हतं. शेवटी भोकातली काजळी काढायला ड्रिलच्या पात्याला ग्रीस फासून ते हाताने फिरवलंत, म्हणजे काजळी आत न पडता ग्रीसला चिकटेल.

आणि स्प्रेचा डबा. तो तुम्ही न विचारता उचलून स्वतःच्या पिशवीत टाकलात, तेव्हा मला थोडा राग आला होता. तापलेल्या प्लगला स्प्रेमधलं ईथर लागलं तर पिस्टन वर पोहोचायच्या आतच भडका होतो, रिंगा तुटतात, पिस्टनला तडा जातो. फरक पडत नाही म्हणून मी हीटर देणंच सोडलं होतं, तेवढ्यावर निभावलं. नव्या प्लगांवर तीच सवय चालू ठेवली असती तर?

आता वीस सेकंद हीटर देतो, सेल्फ मारतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला तिन्ही सिलिंडर एकदम बोलतात. ट्रॅक्टर सपाट जागेत, छपराखाली उभा असतो.

तुमचा टेस्ट लॅम्प माझ्याकडेच राहिलाय. रविवारी सकाळी आणून देतो, ट्रॅक्टरवरच येतो.

तुमचा,
पट्टी न काढता तपासणारा