पाण्याची बाटली भरलेलीच घरी का येते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मार्च लागला की तुमच्या पेपरात दरवर्षी ती चौकट येते, 'उन्हाळ्यात मुलांनी भरपूर पाणी प्यावे', बाजूला कलिंगडाचा फोटो, खाली ताक, टोपी, गॉगल. चांगलंय, छापत जा. पण पोरं पाणी का पीत नाहीत, त्यातल्या त्यात पोरी का पीत नाहीत, हे पण एकदा छापा की, म्हणून हे पत्र लिहितेय.

मी अक्कलकोट रोडला घरीच आठवी ते दहावीची शिकवणी घेते. बहुतेक पोरी विडी कामगारांच्या नाहीतर लूमवर जाणाऱ्यांच्या घरातल्या, शाळा सुटली की तशाच माझ्याकडे येतात. दप्तराच्या साइडच्या खिशात बाटली असते आणि ती सकाळी आईनं भरून दिली तशीच, बुचापर्यंत भरलेली. का गं पीत नाही विचारलं तर एक म्हणाली, "मॅडम, पाणी पिलं की जायला लागतं, आणि शाळेतल्या बाथरूमला कोण जाणार?" बाकीच्या सगळ्या फिस्सकन हसल्या, म्हणजे काय ते समजा. काहीजणी तर सकाळचा चहा पण अर्धा ठेवून निघतात. मग सहा-सात तास पाणी नाही, लघवी नाही, आणि महिन्या-दोन महिन्याला कुणाला तरी उन्हाळी लागते, जळजळ, ताप, डॉक्टर, गोळ्या, शाळा बुडते ती वेगळीच.

अभ्यासाचं काय होतं ते तर रोज समोर दिसतं. वर्गसमीकरणात पद पलीकडं नेताना चिन्ह बदलायचं राहतं, तीच ओळ परत परत वाचते, डोकं दुखतंय म्हणते आणि शेजारणीनं नुसती पट्टी घेतली तरी अंगावर जाते. घरचे म्हणतात मोबाईलमुळं लक्ष नाही. असेल मोबाईल पण, मी नाही म्हणत नाही, पण पाणी पिऊन जरा पंख्याखाली बसली की बऱ्याचदा तीच पोरगी तेच गणित सोडवून दाखवते.

हे माझ्या मनाचं नाही. अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठातल्या लोकांनी धडधाकट तरुण मुलींवर प्रयोग केला होता, २०१२ साली तो छापून आला. अंगातलं पाणी वजनाच्या साधारण १.३६ टक्के कमी झालं तेवढ्यावरच डोकेदुखी, थकवा, मूड खराब, लक्ष लागेना. गंमत अशी की चाचण्यांमध्ये त्या फारशा मागं पडल्या नव्हत्या, पण हातातलं काम त्यांना आहे त्यापेक्षा अवघड वाटत होतं. मला तर हेच जास्त डेंजर वाटतं, कारण दहावीच्या पोरीला येत असलेलं गणित येत नाही असं वाटलं की ती त्याच्या वाटेलाच जात नाही, सरळ पान उलटते. त्यांनी तरुण पोरांवर पण असाच प्रयोग केला, त्यात पोरांच्या लक्ष ठेवण्याच्या कामात चुका वाढल्या. आता हिशोब करा, ४० किलोच्या पोरीचा दीड टक्का म्हणजे ६०० ग्रॅम, अर्ध्या लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी. आपल्याकडं एप्रिलमध्ये ४२-४३ डिग्रीला, वर पत्रा, पंखा गरम हवा फेकतोय, तेवढा घाम जायला असा कितीसा वेळ लागतो? आणि तहान लागते तोवर कमतरता सुरू झालेली असते. पाणी पिऊन कोणी मेरिटला येत नाही हे मला पण कळतं, पण न पिल्यानं आलेलं सुद्धा जातं.

केरळमध्ये २०१९ ला काही शाळांनी पाणी पिण्याची घंटा सुरू केली, वॉटर बेल. नंतर दुसऱ्या राज्यांनी पण उचललं. आपल्याकडं पण कुणीतरी उत्साहानं सुरू करेल, फोटो येतील, पोरं बाटल्या वर करून उभी. घंटा वाजवायला काय पैसे पडतात का, पण प्यालेलं पाणी जाणार कुठं? शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, त्यात मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं आणि प्यायचं पाणी दोन्ही सक्तीचं आहे. कागदावर दोन्ही असतं. प्रत्यक्षात कडी तुटलेली, बल्ब गेलेला, बादली आहे तर मग्गा नाही. आणि सोलापूरचं तर तुम्हाला सांगायला नको, उजनी धरण भरून वाहिलं तरी आपल्या नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, मग शाळेची टाकी तळाला गेली की पहिलं कुलूप कुठं लागतं? संडासला. प्यायला जार मागवतात, संडासात ओतायला जार कोण मागवणार. स्टाफमधल्या मॅडमचं पण काही वेगळं नाही, हळूच विचारून बघा.

त्यात काही सर लोकांचा नियम, तासाला बाहेर जायचं नाही, मधल्या सुट्टीत जा. मधल्या सुट्टीत शंभरभर पोरी आणि चालू संडास दोन, रांगेत उभं राहायचं का डबा खायचा?

तर माझं म्हणणं एवढंच, यावर्षी ती कलिंगडाची चौकट अर्धी करा आणि तुमच्या एखाद्या महिला रिपोर्टरला दुपारी एकच्या सुमाराला शहरातल्या पाच-दहा शाळांमध्ये न सांगता पाठवा. इन्स्पेक्शनच्या दिवशी नको, त्या दिवशी फिनेलचा वास गेटपर्यंत येतो. कडी लागते का, नळाला पाणी आहे का, पॅड टाकायला डबा आहे का, एवढंच बघून शाळेच्या नावासकट छापा. आणि महापालिकेला विचारा की वार्षिक परीक्षा एप्रिलअखेरपर्यंत ओढायच्या असतील तर तेवढ्या दिवसांत टाकी रिकामी झालेल्या शाळेला टँकर कोण देणार, फोन कुणाला करायचा. तो नंबर मिळाला तर पहिल्या पानावर टाका, आम्ही कापून शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयांना वाटतो.

— शिकवणी घेणारी एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर