पसरणी घाटातल्या ड्रायव्हर मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

सातारा-पाचगणी गाडीत तुमच्या मागच्या सीटवर वही घेऊन बसायची ती मी. परवा माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मंजूर झाला. तो कुणामुळे झाला हे चारचौघांत सांगायचं होतं, म्हणून हे उघड पत्र.

अंतराळयान चालवणाऱ्या माणसावर कामाचा किती ताण येतो आणि त्या गडबडीत त्याला भोवतालचं भान किती राहतं, हे मला संगणकावर उभं करायचं होतं. पण माझा संगणकातला चालक सगळे काटे एकाच वेळी बघायचा आणि काहीच विसरायचा नाही. असा माणूस असतो कुठं?

वाई सोडल्यावर मी तुम्हाला काहीतरी विचारलं, तुम्ही बोलला नाहीत. मला वाटलं, रागावलात. पाचगणीच्या स्टँडवर चहा घेताना म्हणालात, "घाटात कान इंजिनाला दिलेला असतो पोरी, तुला कुठनं देऊ?" त्याच रात्री मी माझ्या चालकाचं लक्ष मोजून-मापून दिलं. रेडिओवर बोलायला लागला की एखादा काटा त्याच्या नजरेतून सुटणार.

पण तुमचे खरे उपकार पुढचे आहेत. सुट्टीच्या दिवशी तुम्ही आमच्या घरी येऊन माझ्या संगणकावर यान स्थानकाला जोडायचा सराव केलात. ऐन कामात पडदा कोरा करून प्रश्न विचारायचे, ही भान मोजायची अभियंता मिका एंड्सली यांची 1988 मधली पद्धत. मी अंतर विचारलं, कोन विचारला, इंधन विचारलं. तुम्ही म्हणालात, "आकडा नाय सांगता यायचा. पण असंच गेलो तर ठोकणार. मघाशीच दाबायला पायजे होतं." मी तुम्हाला शून्य गुण दिले, मामा. आणि मग झोप लागेना. भानाच्या तीन पायऱ्या एंड्सलींनीच सांगितल्यात: दिसणं, उमगणं, पुढचं ताडणं. माझे सगळे प्रश्न पहिल्याच पायरीवरचे होते आणि तुम्ही तिसरीवरून उत्तर देत होता.

असं ठोकणं खरंच घडलंय. 25 जून 1997 रोजी रशियाच्या मीर या अंतराळ स्थानकावर अंतराळवीर वासिली त्सिब्लियेव पडद्यात बघून प्रोग्रेस हे मालवाहू यान दुरून चालवत जवळ आणत होते. कॅमेरा यानावर होता. चित्रात मीरच्या मागे पृथ्वीचे ढग, त्यात स्थानक नीट उठून दिसेना. अंतर सांगणारं रडार बंद ठेवलेलं. वेग जास्त आहे हे कळेपर्यंत उशीर झाला. यान स्थानकाच्या स्पेक्त्र नावाच्या कक्षावर आदळलं आणि हवा गळू लागली. स्थानकातले तिघेही वाचले. चालकाची चूक म्हणून हे प्रकरण मिटवणं मला पटत नाही. ताडायला लागणारी माहितीच त्यांच्यासमोर नव्हती.

म्हणून आता माझ्या सरावात पडदा कोरा झाला की पहिला प्रश्न येतो: पुढच्या दहा सेकंदांत काय होईल? तो तुमचा प्रश्न आहे.

येत्या सुट्टीला मामींना घेऊन या. आईनं जेवायलाच बोलावलंय. तुमचे जुने गुणही मला नव्यानं मोजायचे आहेत.

तुमची,
वहीवाली पोरगी, सातारा