बारा पक्ष आहेत, तरी काळजी नको

ऑरहूस, डेन्मार्क
23 नोव्हेंबर 2025

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

तब्येत उत्तम आहे, गरम कपडे भरपूर आहेत, जेवणाचं तुम्हाला ठाऊकच आहे. बाबा, "बारा पक्ष म्हणजे बारा भानगडी, सरकार पडलं तर तुझ्या तिथे राहण्याच्या परवान्याचं काय?" हे तुम्ही फोनवर विचारता आणि तिथे ते नीट सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

इथल्या संसदेत एकच सभागृह आणि 179 जागा. त्यांतल्या 2 ग्रीनलंडच्या, 2 फेरो बेटांच्या. 1 नोव्हेंबर 2022 च्या निवडणुकीत डेन्मार्कमधले 12 पक्ष निवडून आले. सर्वांत मोठ्या सोशल डेमोक्रॅट्सना 50 जागा, सर्वांत लहान डॅनिश पीपल्स पार्टीला 5. आपल्याकडे मतदारसंघात एकच जण जिंकतो आणि बाकीच्यांची मतं वाया जातात. इथे सगळ्या देशाचे मिळून 10 मोठे मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकातून बरेच जण निवडले जातात. अशा 135 जागा होतात. आणखी 40 राखून ठेवतात. देशभरातल्या मतांच्या मानाने ज्या पक्षाच्या वाट्याला कमी आलं, त्याची भरपाई त्यांतून होते. 2 टक्के मतं मिळाली की पक्ष आत. जर्मनीसारखी 5 टक्क्यांची अट असती, तर त्या 12 पैकी 4 पक्ष बाहेरच राहिले असते.

नवा पक्ष काढायचा तर सुमारे 20,000 मतदारांचा पाठिंबा लागतो. पक्षाची ओळख एका अक्षराने होते. पक्ष फुटला तर चिन्हावरून कोर्टकचेरी नाही, बाहेर पडणाऱ्याने नवं अक्षर घ्यायचं. माजी पंतप्रधान लार्स ल्योके रासमुसेन यांनी आपला व्हेन्स्त्रे पक्ष सोडून मॉडरेट्स काढला, पहिल्याच निवडणुकीत 16 जागा मिळवल्या आणि मग व्हेन्स्त्रेबरोबरच सरकारात बसले.

आता तुम्हाला सर्वांत विचित्र वाटेल ते. इथे सरकारला बहुमत दाखवावं लागत नाही. विश्वासदर्शक ठराव नाही, आमदारांना हॉटेलात ठेवणं नाही. सरकारच्या विरोधात 90 जण उभे राहिले नाहीत की झालं. म्हणजे बाहेर बसलेल्या पक्षाने "आम्ही पाडणार नाही" एवढं म्हटलं तरी पुरतं. म्हणून इथली बहुतेक सरकारं अल्पमताची. 1994 नंतर थेट 2022 लाच बहुमताचं सरकार आलं, तेही डावे सोशल डेमोक्रॅट्स, उजवे व्हेन्स्त्रे आणि मधले मॉडरेट्स यांचं: 50, 23 आणि 16 मिळून 89, वर ग्रीनलंड-फेरोच्या काही सदस्यांचा टेकू. बोलणी 42 दिवस चालली. तेवढे दिवस जुनं सरकार काळजीवाहू म्हणून होतं आणि कचेऱ्या नेहमीसारख्या चालू होत्या.

हे टिकतं ते करारांमुळे. संरक्षण, वीज, शाळा अशा विषयांवर सरकारातले आणि विरोधातले पक्ष एकत्र बसून लेखी करार करतात. सही केलेल्या प्रत्येक पक्षाला नकाराधिकार असतो. पुढच्या निवडणुकीपर्यंत त्याच्या संमतीशिवाय त्यात बदल करायचा नाही, असा पाळला जाणारा रिवाज आहे. 2018 च्या ऊर्जा कराराला तर संसदेतल्या सर्व पक्षांचा पाठिंबा होता. यात दोषही आहे. कराराबाहेरच्या पक्षाला फारसं काही हलवता येत नाही आणि पुष्कळशा गोष्टी बंद दाराआड ठरतात. तरी मला ही पद्धत मनापासून आवडते. पाच जागांच्या पक्षालाही इथे बोलावून विचारलं जातं.

तेव्हा बाबा, सरकार पडलं म्हणून माझा परवाना जात नाही. परदेशी लोकांबाबतचे नियम कडक आहेत हे खरं, पण ते डाव्या-उजव्या दोघांनी मिळून कडक केलेत. कायमच्या वास्तव्यासाठी साधारण 8 वर्षं लागतात, जादा अटी पूर्ण केल्या तर 4. मी ते बघते आहे, तुम्ही रात्री जागू नका.

18 तारखेला नगरपालिकेची निवडणूक झाली. नागरिक नसलेल्यालाही 4 वर्षं राहिल्यावर यात मत देता येतं, म्हणून मीही दिलं. घरी टपालाने मतदारकार्ड येतं, ते दाखवून जन्मतारीख सांगायची, लांबलचक कागदी मतपत्रिका घ्यायची आणि पक्षापुढे किंवा थेट एका उमेदवाराच्या नावापुढे एकच फुली मारायची. सही किंवा दुसरी काही खूण केली तर मत बाद. रस्त्यावरच्या खांबांना अजून उमेदवारांचे फलक आहेत. मतदानानंतर 8 दिवसांत ते ज्याचे त्याने उतरवायचे असतात.

आई, सायलीच्या साखरपुड्याला मी नसेन. तू काही बोलली नाहीस, पण तुझा आवाज मला कळतो. रजा लग्नासाठी राखून ठेवली आहे आणि हळदीच्या आधी मी नक्की घरी असेन. हॉलसाठी 2 लाख या आठवड्यात बाबांच्या खात्यात जमा होतील, कर्जाचा हप्ता वेगळा येईलच. त्यातून काही परत पाठवायचं नाही. माझ्या स्थळाचं लग्नात भेटल्यावर बोलू, आत्यालाही तेच सांग. बाबांची साखर पुन्हा तपासून घे आणि रिपोर्टचा फोटो पाठव.

तुमची,
मीनल