बोटीचा पाठलाग करणारी पाकिटं

ति. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "लोकांची जुनी पाकिटं पैसे मोजून कशाला घेतेस?" आणि मागून आई म्हणाली, "आत पत्रसुद्धा नसतं म्हणे!" नेमकी तेव्हा तुमच्याकडची लाइट गेली आणि बोलणं तिथंच राहिलं. म्हणून हे उत्तर सविस्तर लिहितेय. सोबत पाकिटांचे मोठे रंगीत प्रिंट आहेत, म्हणजे बाबांना भिंग घेऊन बसायला नको. (तरी बसालच.)

आधी आईचा मुद्दा. हो, पाकिटं बहुतेक रिकामीच असतात. पत्र घरच्यांनी ठेवून घेतलेलं असतं आणि पाकीट तिकिटांसाठी कुणी तरी काढून घेतलेलं असतं. मलाही सुरुवातीला ते खटकायचं. आता पाकिटाच्या दोन बाजूंवरच इतकं सापडतं की आतल्या मजकुराची आठवण होत नाही.

मी गोळा करते ती पाकिटं बोटीवरून आलेली नाहीत, बोटीवर गेलेली आहेत. हा फरक मोठा आहे. भर समुद्रात बोटीवर टाकलेल्या पत्रांवर पुढच्या बंदरात 'पाकबो' (फ्रेंचमध्ये टपालबोट) असा शिक्का बसायचा. जागतिक टपाल संघानं १८९७च्या वॉशिंग्टन परिषदेत तो शब्द सगळ्या देशांसाठी ठरवला. तशी पाकिटं इथल्या साउदॅम्प्टनच्या बाजारात खोक्यांनी मिळतात, कारण प्रवासी हौसेनं घरी पत्रं टाकायचे आणि घरचे ती जपून ठेवायचे. बोटीवरच्या माणसाला आलेलं पत्र मात्र त्यानं केबिनमध्ये वाचलं, पाकीट टोपलीत टाकलं, संपलं. त्यातून जी उरली ती मी शोधते.

आता बाबा, तुमच्या रेल्वे टपालातल्या कामाची गोष्ट. चालत्या बोटीवरच्या माणसाला पत्र घालायचं तर ती बोट कुठल्या दिवशी कुठल्या बंदरात असेल आणि आपलं पत्र तिच्या आधी तिथं कसं पोचेल, हा हिशेब पाठवणाऱ्यालाच करावा लागे. लंडनहून निघालेली पी अँड ओ कंपनीची बोट बिस्केचा उपसागर आणि जिब्राल्टर करत मार्सेल्सला पोचायला जवळपास आठवडा घ्यायची. तेच पत्र इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्समधून रेल्वेनं गेलं की मार्सेल्स फार तर दीड-दोन दिवसांवर. म्हणजे मुलाला बोटीवर बसवून घरी आलेली बाई चार दिवस रडून मग पत्र लिहायला बसली तरी ते त्याला मार्सेल्सला मिळे! पहिल्या महायुद्धाआधी तर इटलीतल्या ब्रिंडिसीपर्यंत रेल्वेनं टपाल जाई आणि तिथून 'आयसिस' आणि 'ओसायरिस' या दोन छोट्या वेगवान बोटी ते इजिप्तच्या पोर्ट सैदला नेऊन मोठ्या बोटीवर चढवत. तुम्ही भुसावळला एका गाडीतल्या थैल्या दुसऱ्या गाडीला द्यायचात, तसंच, फक्त मध्ये भूमध्य समुद्र.

मुंबईहून निघालेल्या बोटीचं मात्र अवघड होतं. सगळ्यात वेगानं टपाल नेणारी तीच, मग तिला मागून गाठणार कोण? १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला विमानानं टपाल आणलं, तेव्हापासून ते सोपं झालं. मुंबईचं पत्र टाटांच्या विमानानं कराचीला आणि तिथून इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीनं आखातातून, बगदादवरून इजिप्तला. बोटीला पोर्ट सैद गाठायला आठवडा तरी लागे, पत्र त्याआधी तिथं जाऊन बसे.

पहिला प्रिंट अशाच पाकिटाचा आहे. गिरगावातून १९३५ साली 'स्ट्रॅथनेव्हर'वरच्या प्रवाशाला. पत्ता तीन ओळींचा: नाव, 'पॅसेंजर, एस. एस. स्ट्रॅथनेव्हर', आणि खाली पोर्ट सैदच्या पी अँड ओ एजंटांच्या मार्फत. अक्षर शाळामास्तराचं असावं, 'पोर्ट सैद'खाली पट्टीनं दोन रेघा मारल्यात. पंचम जॉर्जची विमानाचं चित्र असलेली तिकिटं आहेत. कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं घाईत लिहिलेला आकडा दिसेल. तो केबिनचा नंबर, बोटीवर आल्यावर टाकलेला. माझ्या दृष्टीनं सगळ्या पाकिटाची किंमत त्या आकड्यात आहे, कारण पत्र हातात पडल्याचा पुरावा तोच. विकणारा तो आकडा खोडरबरानं पुसून 'स्वच्छ' करून देतो म्हणत होता, मी पाकीट जवळजवळ हिसकावूनच घेतलं.

दुसरा प्रिंट बाबांना जास्त आवडेल. १८६८ ते १९१४ आपल्या टपाल खात्याचे सॉर्टर, म्हणजे पत्रं गावांप्रमाणे वेगळी करणारे, मुंबईला येणाऱ्या बोटींवर असत. आधी सुएझपासून, पुढे एडनपासून. पावसाळी समुद्रात बोट डोलतेय आणि हे खणांसमोर उभे राहून पत्रं लावतायत, कारण मुंबईला बोट लागली की थैल्या थेट गाड्यांमध्ये जायला हव्यात. त्यांचा 'सी पोस्ट ऑफिस'चा शिक्का त्यावर आहे. मेल व्हॅनच्या हादऱ्यांना तुम्ही नावं ठेवायचात ना!

आणि बाबा, टायटॅनिकवरही पाच सॉर्टर होते, तीन अमेरिकन, दोन इंग्रज. पाणी शिरल्यावर ते रजिस्टर्ड थैल्या वर ओढत राहिले. पाचही गेले. त्यातल्या ऑस्कर वुडी यांचा मृतदेह सापडला तेव्हा खिशात किल्ल्या आणि गठ्ठ्यांवर लावायच्या चिठ्ठ्या होत्या. तुमच्या चेक स्लिपाच त्या, सॉर्टरच्या शिक्क्याच्या. बोट बुडाली तो १५ एप्रिल त्यांचा वाढदिवस.

गांधीजी २९ ऑगस्ट १९३१ला 'राजपुताना'नं विलायतेला निघाले, त्या फेरीत बोटीवर आलेलं एखादं पाकीट मिळावं अशी फार इच्छा आहे. मिळालं तर आईला किंमत सांगणार नाही.

आता कामाचं. गिरगावच्या पाकिटामागचा कराचीचा शिक्का अर्धाच उमटलाय. बाबा, तुम्ही गठ्ठ्यावरचा शिक्का नुसता बघून ओळखायचात, तर तारीख लागते का बघा. माळ्यावरच्या ट्रंकेतली तुमची जुनी कागदपत्रं आई रद्दीत घालायचं म्हणतेय, ती मी दिवाळीत येईपर्यंत हलवू नका. आई, त्यात डांबरगोळ्या टाकू नकोस, पावसाळा संपला की नुसतं ऊन दाखव. गुडघ्याचं तेल संपलं असेल तर तसं कळव, मी येताना आणते.

तुमची,
मनू