आक्का, तुमच्या वहीसाठी

आदरणीय आक्का,
सादर नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही चहा ठेवायला उठता आणि विषय तिथेच थांबतो, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, त्या संध्याकाळी तुम्ही आमच्या दारात येऊन आईला लगेच हलवायला सांगितले. २००५ च्या पुरात पाणी आमच्या दुसऱ्या पायरीवरून परतले होते, त्यामुळे आम्हाला घाई वाटत नव्हती. तेव्हा तुम्ही वही उघडून दाखवलीत. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांच्या खोऱ्यांत पडलेला पाऊस, राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, बंधाऱ्याची पातळी दर तासाला किती इंचांनी चढते आहे, हे सारे तारीखवार लिहिलेले होते. "बाईंना अजून जिना उतरता येतोय, उद्या होडीत बसणं त्यांना झेपायचं नाही," एवढेच तुम्ही म्हणालात, आणि आम्ही निघालो. पुढे नदीने ४३ फुटांची धोका पातळी मागे टाकून ५५ फूटही ओलांडले, आणि आमच्या घरात खिडकीपर्यंत पाणी होते. त्या रात्री आई तिथे असती तर काय झाले असते, हा विचार मला आजही पुरता करवत नाही.

शिरोलीजवळ महामार्ग बंद होता आणि नळाला पाणी नव्हते, त्या दिवसांत टँकरपाशी घरवार यादी करून आजारी माणसांच्या घागरी आधी भरून देणाऱ्याही तुम्हीच होता.

मला मात्र सर्वांत मोठे ऋण वाटते ते पूर ओसरल्यानंतरचे. पंचनाम्याच्या यादीतून आमचे घर वगळले गेले होते आणि संबंधित कार्यालयात मी चार वेळा तोंडी विनवणी करून रिकाम्या हाताने परतले होते. तुमची ओळख मोठी आहे. एखादा फोन करून तुम्ही काम उरकून दिले असते. तुम्ही तसे केले नाही. मला शेजारी बसवून अर्ज माझ्याच हाताने लिहून घेतला, दोन प्रती करायला लावल्या आणि शिक्का व तारखेसह पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचे नाही, असे बजावले. महिना उलटूनही उत्तर आले नाही, तेव्हा १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा आणि उत्तराच्या मुदतीचे ३० दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे, तेही शिकवलेत. आमचे नाव यादीत आले. त्यानंतर गल्लीतल्या तुंबलेल्या गटारीसाठी, दिव्यांसाठी आणि शेजारच्या आजींच्या पेन्शनसाठी मी अर्ज केले, आणि प्रत्येकाची पोच माझ्या फाईलला आहे.

इतक्या जणांनी आग्रह करूनही तुम्ही निवडणुकीला उभ्या राहिला नाहीत, याची मला पूर्वी हळहळ वाटे. आता वाटत नाही, कारण पदावर बसून तुम्ही आमची कामे केली असती, पण ती करायला आम्हाला शिकवायला तुम्हाला सवड मिळाली नसती.

तुमचे गुडघे आता दुखतात हे मला ठाऊक आहे. या पावसाळ्यात कोपऱ्यावरच्या फळ्यावर पातळी लिहायला माझी मुलगी रोज सकाळी येईल. आकडा तुम्ही सांगावा आणि खडू तिच्या हाती द्यावा, एवढी विनंती आहे.

आपली कृतज्ञ,
गल्लीतली एक लेक
कोल्हापूर