सहा महिन्यांनी दुसरा पंचनामा करावा

प्रति,
मा. मंत्री, मदत व पुनर्वसन विभाग,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

नाशिकमध्ये पुराची खबर आम्हाला गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून कळते. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत आले, असे एकमेकांना सांगत भांडी बाजारातली आणि सराफ बाजारातली माणसे माल वरच्या मजल्यावर चढवू लागतात. क्युसेकचे आकडे कानावर पडतात ते त्यानंतर. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ हे पूर शहराच्या आठवणीत याच खुणांनी राहिले आहेत. हे पत्र मात्र पाणी ओसरल्यानंतरच्या दिवसांविषयी आहे आणि माझी मागणी एकच आहे. पहिल्या पंचनाम्यानंतर साधारण सहा महिन्यांनी त्याच घरांचा, दुकानांचा आणि शेतांचा दुसरा पंचनामा व्हावा, आणि तो गावाच्या किंवा वस्तीच्या साक्षीने व्हावा.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये पूर ओसरल्यावर आम्ही काही जण नदीलगतच्या एका वस्तीत गाळ उपसायला जात होतो. पंचनामा झाला तेव्हा बहुतेक घरे धुऊन निघाली होती, भिंती उभ्या होत्या आणि कागदावर नुकसान किरकोळ दिसत होते. एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या यंत्राची मोटर पाण्यात गेली होती. ती दुरुस्त होईपर्यंत हातात घेतलेली कामे दुसरीकडे गेली आणि गिऱ्हाईक परत फिरले नाही. त्या भाड्याच्या खोलीत राहत होत्या, घर त्यांच्या नावावर नव्हते, त्यामुळे यादीत नाव आले ते घरमालकाचे. त्याच गल्लीतल्या किराणा दुकानदाराची उधारीची वही भिजून लगदा झाली होती. मला सर्वांत मोठे नुकसान ते वाटले. येणे बुडाल्यामुळे त्याने नव्याने माल भरताना उधारी बंद केली, आणि ज्यांचा आठवडा उधारीवर चालत असे त्या कुटुंबांना मिळालेले अनुदान पहिल्याच महिन्यात पोटात गेले. वस्ती सावरली तीही अशाच धाग्यांनी. भिशीतल्या बायकांनी त्या महिन्याची रक्कम ज्यांची नड मोठी त्यांना आधी दिली, पिठाची गिरणी सुरू झाली, दुकानदाराने दोन-चार विश्वासाच्या घरांपासून पुन्हा वही घातली. यातले काहीही पंचनाम्याच्या नमुन्यात नोंदवण्याची सोय नाही.

शेतीत हा प्रश्न अधिक स्पष्ट दिसतो. सायखेडा आणि चांदोरी ही निफाड तालुक्यातली गावे गोदावरी आणि दारणा यांचे पाणी वरून आणि नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याचा फुगवटा खालून, अशा दोन्हींच्या मध्ये सापडतात. सोयाबीन कुजली तर आठवड्यात दिसते आणि पंचनाम्यात येते. द्राक्षबागेचे तसे नाही. ऑगस्टमध्ये बागेत पाणी साचून मुळ्या गुदमरल्या तरी वेल हिरवाच दिसतो, तलाठी आणि कृषी सहायक बांधावरून पाहतात तेव्हा बाग उभी असते आणि नुकसान मदतीसाठी लागणारी ३३ टक्क्यांची मर्यादा गाठत नाही. ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झाली, फूट निघाली आणि घड जिरू लागले की शेतकऱ्याला कळते की हंगाम ऑगस्टमध्येच गेला होता. तोवर यादी बंद झालेली असते. सहा महिन्यांनी कोणी त्याच बांधावर परत आले, तर ही हानी कागदावर येईल.

यात नवे किंवा अशक्य काही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, पण त्याहून कितीतरी अधिक गावांत लोकांनी सरकारी साहाय्य घेऊन आपापली घरे स्वतः दुरुस्त आणि मजबूत केली, आणि त्या कामात लोकांचे म्हणणे प्रशासनापर्यंत पोहोचवायला गावातल्याच स्त्रियांना संवाद सहाय्यक म्हणून नेमले होते. घर बांधून देण्याइतकेच हे ऐकून घेण्याचे काम मोलाचे होते, असे मला मनापासून वाटते, आणि महाराष्ट्राने ते स्वतः करून दाखवले आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम १२ मध्ये मदतीची किमान मानके सांगताना घरांच्या नुकसानीबरोबर उपजीविकेची साधने पूर्ववत करण्यासाठीच्या साहाय्याचाही उल्लेख आहे. उपजीविका पूर्ववत झाली की नाही, हे पूर ओसरल्याच्या चौथ्या दिवशी कोणालाच सांगता येणार नाही.

म्हणून दुसऱ्या पंचनाम्यात तीन-चार साधे प्रश्न असावेत. काम पुन्हा सुरू झाले का, किती कर्ज काढावे लागले आणि कोणाकडून, मुले शाळेत परतली का, कुटुंब त्याच जागी राहते की निघून गेले. भाडेकरू, वाट्याने शेती करणारे आणि रस्त्यावर बसणारे विक्रेते यांची नावे मालकापासून वेगळी नोंदवावीत. गावात यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी. शहरात ग्रामसभा नसल्याने ती वस्तीतच, संध्याकाळी माणसे कामावरून आल्यावर वाचावी, कारण सकाळी अकराला बोलावलेल्या बैठकीला ज्यांचे हातावर पोट आहे ते येऊ शकत नाहीत. चुकलेली नावे तिथेच घालता यावीत.

२०२७ च्या सिंहस्थासाठी गोदाकाठावर मोठी कामे होत आहेत. त्यांच्या आराखड्यांत निळ्या आणि लाल पूररेषेच्या आत राहणाऱ्यांचाही विचार व्हावा, ही विनंती आहे. तिचा तपशील स्वतंत्र पत्राने कळवीन.

संपूर्ण राज्यात एकदम हे करणे अवघड असेल, हे मी समजू शकतो. म्हणून सुरुवात सायखेडा, चांदोरी आणि नाशिक शहरातली नदीलगतची एक वस्ती एवढ्यापुरती करावी. पुढचा पूर येईल त्यानंतरच्या फेब्रुवारीत, द्राक्षांची काढणी चालू असताना, आपल्या विभागाचे कर्मचारी या तीन ठिकाणी यावेत. वस्तीतली घरे दाखवायला आणि यादी वाचून दाखवायला आम्ही बरोबर येऊ.

आपला नम्र,
गोदाकाठचा एक रहिवासी, नाशिक