उवा, बेदाणा आणि हजेरीपट

सेल्मा, कॅलिफोर्निया
२८ सप्टेंबर २०२५

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

आठ महिन्यांत पत्र नाही आणि फोनही नाही, याबद्दल तू मनातल्या मनात दिल्या असतील त्या सर्व शिव्या मान्य आहेत. साखर आटोक्यात आहे, गुडघे नाहीत. प्रकृतीचे एवढे पुरे. आज लिहायला बसलो ते क्षमा मागण्यासाठी नव्हे. गेल्या महिनाभरात माझ्या हातून जे घडले, त्यातली मेख तुझ्याखेरीज कोणाला कळणार नाही म्हणून बसलो.

आमच्या कम्युनिटी कॉलेजात येणारी बहुतेक मुले मेक्सिकोतून आलेल्या शेतमजुरांच्या घरांतली आहेत, हे तुला ठाऊक आहे. प्रवेशाला गुणांची अट नाही, फी युनिटला, म्हणजे एका श्रेयांकाला, ४६ डॉलर आणि गरीब घरांना तीही माफ, येथे दोन वर्षे काढून पुढे विद्यापीठात जाण्याची वाट मोकळी. कागदावर सारे चोख आहे. परंतु सत्र उघडते ऑगस्टच्या मध्यावर, आणि ऑगस्टच्या अखेरीस येथे बेदाण्याची तोडणी सुरू होते. तुझ्या बेदाण्याच्या शेडसारखे रॅक, घड बुडवायचे डिपिंग ऑइल असले काही नाही. घड कापायचे, दोन ओळींमधल्या मातीवर कागद अंथरून त्यावर पसरायचे आणि दोन-तीन आठवडे उन्हाच्या स्वाधीन करायचे. मजुरी कागदामागे, आणि आभाळ आले की जीव टांगणीला, अगदी तासगावासारखा. द्राक्षही तेच थॉमसन, ज्याच्या पोटी आपला तास-ए-गणेश जन्मला. स्पॅनिशमध्ये द्राक्षाला ‘उवा’ म्हणतात. पहिल्या वर्षी एका मुलाने आपले आईवडील दोघेही उवांमध्ये असतात असे सांगितले, तेव्हा मी ज्या गांभीर्याने मान हलवली ते पाहून तू लोळून हसला असतास.

या सत्रात माझ्या संख्याशास्त्राच्या वर्गात एक मुलगी होती. पहिल्या बाकावर बसायची, प्रश्न थोडे पण नेमके विचारायची. प्रवेशाच्या दिवशी ती आईला घेऊन आली होती, तेव्हा मी माझ्या बारा वर्षांच्या स्पॅनिशचे सारे वैभव त्या माउलीसमोर मांडले. ती नम्रपणे हसत राहिली. शेवटी मुलीने हळूच सांगितले की, आई मेक्सिकोतल्या ओहाका राज्याची, तिची भाषा तिथल्या आदिवासींची मिश्तेको. स्पॅनिश तिलाही बेताचीच येते. माझी फजिती तू आता गावभर सांगशीलच.

तिसऱ्या आठवड्यापासून ती येईनाशी झाली. मी दोन मेल पाठवले, उत्तर आले नाही. येथे सत्राचा सुमारे पाचवा भाग सरला की गणनेचा दिवस येतो. त्या दिवशीच्या पटावर कॉलेजचे अनुदान बरेचसे अवलंबून असते, म्हणून न येणाऱ्यांची नावे शिक्षकाने त्याआधी कमी करायची असतात. मी नियमाप्रमाणे तिचे नाव कमी केले, एक कळ दाबली आणि चहा प्यायला गेलो. चार दिवसांनी तिच्या धाकट्या भावाकडून कळले की, वडिलांची पाठ धरली होती आणि त्यांच्या जागी ती तोडणीला जात होती. माझे चार युनिट गेल्यामुळे तिचे बाराचे आठ झाले. पूर्णवेळ विद्यार्थी राहायला बारा लागतात. ते गेले की शिष्यवृत्तीची रक्कमही त्या प्रमाणात उतरते. त्यात यंदा आईवडिलांची माहिती कोणत्याही सरकारी अर्जात लिहायला ही घरे, मायदेशी परत धाडतील म्हणून, घाबरतात, म्हणून एकदा सुटलेला धागा पुन्हा जोडायला मुले सहजी येत नाहीत. भरीस भर म्हणून, ज्या कॉलेजांत किमान पंचवीस टक्के विद्यार्थी हिस्पॅनिक असतात त्यांना मिळणारी केंद्राची खास अनुदाने याच महिन्यात थांबवल्याचे जाहीर झाले. आमची शिकवणीची खोली आणि तिथले दिवे कोणत्या पैशावर चालतात, याची चर्चा आता रोज होते. पण खरे सांगतो, माझी झोप अनुदानाने उडवलेली नाही.

झोप उडवली ती बारावीच्या हजेरीपटाने. तू म्हणत आलास की, मी मॉनिटर होतो, पट माझ्या हातात होता, अवकाळीत शेड झाकायला तू थांबलास त्या अकरा दिवसांवर मी ‘पी’ मांडला असता तर सरांनी हॉल तिकीट अडवले नसते आणि तुझे वर्ष गेले नसते. मी म्हणत आलो की, खोटी हजेरी मांडणे माझ्या तत्त्वात बसत नव्हते. अकरा नव्हे, नऊ दिवस होते, हेही मी दर वेळी ऐकवत आलो. परवा रात्री प्रथमच वाटले की, खोटी हजेरी मांडण्याचा प्रश्नच नव्हता. सायकल काढून चार किलोमीटरवरच्या तुझ्या शेडपर्यंत येणे आणि सरांना जाऊन कारण सांगणे, एवढेच करायचे होते, आणि ते मला सुचलेसुद्धा नाही. या खेपेलाही नाही सुचले. दोन मेल पाठवले आणि कर्तव्य संपले. मळा तर कॉलेजच्या वाहनतळावरून दिसतो.

नाव परत घेण्याचा अर्ज असतो. तो भरून, माझी सही करून मी तिच्या भावाच्या हाती दिला आहे आणि खात्याच्या प्रमुखांशी बोललो आहे. बुडालेले तास शनिवारी घेईन, असेही कळवले आहे. अजून उत्तर नाही. मळ्यातले बेदाण्याचे शेवटचे कागद या आठवड्यात गुंडाळले जातील.

धाकटीचा प्रवेश कोठे झाला? वहिनींच्या डोळ्याचे काय ठरले? यंदा भाव बरा मिळाला असे ऐकले, खरे असेल तर बाबाला सांगू नकोस, उधारी मागेल.

आणि एका प्रश्नाचे उत्तर थट्टा न करता लिही. त्या वेळी मी शेडवर आलो असतो, तर तू माझ्याबरोबर शाळेत आला असतास, की रॅक सोडून येत नाही म्हणून मला हाकलून दिले असतेस?

तुझा,
विनायक